पोरगा म्हणतो पोर्टलमध्ये नाव टाकतो, टाकू द्यावं का? (कॉलेज टेनिस, ट्रान्सफर, एनआयएल वगैरे)

दमलेलीआई

नमस्कार मंडळी. आधीच सांगते पोस्ट लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

मुलगा मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत डिव्हिजन १ (कॉलेज खेळातली सगळ्यात वरची पातळी) टेनिस खेळतो. सोफोमोर म्हणजे दुसऱ्या वर्षाला, बायोकेमिस्ट्री मेजर. सिंगल्सला पाच-सहा नंबरवर असतो, म्हणजे लाइनअपमध्ये आहे पण शेवटच्या बाकावर. स्कॉलरशिप साधारण निम्मी ट्यूशन (कॉलेजची फी), बाकीचं आम्ही भरतो. ज्या कोचने त्याला घेतलं तो आमच्याकडे जेवून गेला होता, दोनदा आमटी मागून घेतली आणि निघताना माझ्या सासूबाईंना म्हणाला की चार वर्षं हा माझा मुलगा. गेल्या उन्हाळ्यात तो कोच दुसऱ्या कॉलेजात निघून गेला, पोरांना कळलं ते टीमच्या ग्रुपवर, तेही रात्री अकरा वाजता. नवीन कोचने येताना युरोपातून तीन खेळाडू आणले, त्यातला एक चांगला दाढीबिढीवाला बाप्या आहे, आमचं ध्यान त्याच्यापुढे सातवीतलं वाटतं.

आता चिरंजीव म्हणतात पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ती ऑनलाइन यादी) नाव टाकतो. त्याच्या जुन्या अकॅडमीच्या सरांना एका दुसऱ्या कॉलेजच्या असिस्टंट कोचचा मेसेज आलाय, की हा मुलगा पोर्टलमध्ये आला तर आम्हाला इंटरेस्ट आहे, सत्तर टक्के स्कॉलरशिप आणि वर "थोडं एनआयएलचं बघू" (म्हणजे खेळाडूला स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीतून मिळणारे पैसे). हे "बघू" ऐकल्यापासून पोरगा हवेत आहे. त्याच्या डॉर्ममधला एक (अमेरिकन) फुटबॉलवाला कुठल्याशा डीलरशिपने दिलेला पिकअप ट्रक फिरवतो, त्यामुळे ह्यालाही वाटतंय की आपल्यालाही निदान सायकल तरी मिळेल.

नवऱ्याचं एकच पालुपद, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नका. आणि दुसरं म्हणजे ज्यांनी घेतलं त्यांना असं मध्येच सोडून जाणं बरं दिसत नाही. मला निष्ठाबिष्ठा कळत नाही, मला एवढंच कळतं की पोरगा दुःखी आहे. आणि आणखी एक, आम्ही अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, तो एच-४ वर (आमच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) आहे आणि डिसेंबरमध्ये एकवीस पूर्ण होतील, मग एफ-१ (स्टुडंट व्हिसा). तर हे एनआयएलचे पैसे त्याला घेता तरी येतात का? ज्यांची मुलं ह्यातून गेलीत त्यांनी प्लीज लिहा.

टचडाउनतात्या

ताई, आधी तो "बरं दिसत नाही"चा मुद्दा निकालात काढतो कारण ते वाचून माझं डोकं फिरलं. टेक्सासात राहतो त्यामुळे आमच्याकडचंच उदाहरण देतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने आपला फुटबॉल कोच जिंबो फिशरला काढलं, आणि करार मोडला म्हणून त्याला ७ कोटी ५० लाख डॉलर्सच्या वर देणं लागत होतं. काम न करण्याचे! आणि कोच स्वतः सोडून जातो तेव्हा दुसरं कॉलेज त्याच्या वतीने दंड भरून त्याला उचलून नेतं, कोणी त्याला गद्दार म्हणत नाही, "करिअर मूव्ह" म्हणतात. एकोणीस वर्षांचं पोर गेलं की मात्र निष्ठा कुठे गेली. तुमच्या घरची आमटी पिऊन गेलेल्या माणसाला विचारा निष्ठा.

पूर्वी काय होतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळात कॉलेज बदललं की एक वर्ष बाकावर बसायचं. शिवाय २०१८ च्या आधी दुसऱ्या कॉलेजशी नुसतं बोलायलाही आपल्या कॉलेजची परवानगी लागायची आणि कोच लोक नावं घेऊन सांगायचे, ह्या ह्या कॉलेजात जायचं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये पोर्टल आलं आणि परवानगीच्या जागी नुसतं कळवणं आलं. २०२१ मध्ये एकदा न बसता बदलायची मुभा मिळाली. मग डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या फेडरल कोर्टाने एनसीएएला (कॉलेज खेळांचे नियम करणारी संस्था) अडवलं आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा बदला. हे एनसीएएने मनाच्या मोठेपणाने दिलेलं नाही, कोर्टात थोबाडीत खाऊन खाऊन दिलंय.

पैशाचंही तेच. "स्टुडंट-अ‍ॅथलीट" हा शब्दच मुळात पन्नासच्या दशकात वॉल्टर बायर्सच्या एनसीएएने रूढ केला, कारण मैदानावर जखमी झालेला किंवा मेलेला पोरगा कामगार ठरला तर नुकसानभरपाई द्यावी लागेल ही भीती. पुढे यूसीएलएचा एड ओ'बॅनन, १९९५ चा बास्केटबॉल चॅम्पियन, त्याला व्हिडिओ गेममध्ये आपलीच उंची, आपलाच नंबर, आपलीच डावखुरी स्टाइल दिसली आणि एक छदाम मिळाला नव्हता, त्याने २००९ मध्ये केस ठोकली. २१ जून २०२१ ला अ‍ॅलस्टन केसमध्ये (खेळाडूंना मिळणाऱ्या लाभांवरची) सुप्रीम कोर्ट ९-० ने एनसीएएच्या विरुद्ध गेलं. नऊ विरुद्ध शून्य, आजकाल ते नऊ जण कशावर एकमत होतात सांगा. आणि दहा दिवसांनी, १ जुलैला, एनआयएल सुरू झालं, म्हणजे नाव, चेहरा, ओळख ह्यावर जाहिरातीतून पैसे कमवायची मोकळीक.

तेव्हा जाऊ द्या पोराला. जो बरो ओहायो स्टेटला बाकावर बसून होता, एलएसयूला गेला आणि २०१९ ची हाइझमन (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) घेऊन आला. २०२२ ची हाइझमन घेणारा केलेब विल्यम्स ओक्लाहोमा सोडून यूएससीला आलेला, २०२३ चा जेडन डॅनियल्स अ‍ॅरिझोना स्टेट सोडून एलएसयूला. बाकावर बसून निष्ठा दाखवली असती तर हे तिघं आज कुठे असते?

क्रेडिटवाली

तात्यांचा इतिहास बरोबर आहे पण तात्या, बरो आणि विल्यम्स हे क्वार्टरबॅक, म्हणजे फुटबॉल टीमचे मुख्य खेळाडू आहेत आणि ताईंचा मुलगा सहाव्या नंबरचा टेनिसपटू आहे. लॉटरी लागलेल्यांची यादी दाखवून तिकीट घ्यायला सांगण्यासारखं झालं हे.

मी एका युनिव्हर्सिटीत अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायझर आहे, ट्रान्सफर होऊन आलेली मुलं माझ्या टेबलापुढे बसतात म्हणून लिहिते. पोर्टल म्हणजे नोटीस बोर्ड नाही, दरवाजा आहे, आणि तो बाहेरच्या बाजूला उघडतो. मुलाने कंप्लायन्स ऑफिसला (कॉलेजचं खेळाचे नियम सांभाळणारं ऑफिस) लेखी कळवलं की दोन वर्किंग डेजमध्ये त्यांना नाव टाकावं लागतं. नाव पडलं की आत्ताच्या कॉलेजला टर्म संपल्यावर स्कॉलरशिप काढून घ्यायचा हक्क मिळतो. नंतर नाव मागे घेता येतं, पण नवीन कोचने तुम्हाला परत घ्यायलाच हवं असं काही नाही. दर वर्षी कितीतरी मुलं नाव टाकतात आणि कुठूनच फोन येत नाही. त्यांच्याबद्दल टीव्हीवर कोणी बोलत नाही.

दुसरं, क्रेडिट्स. ह्यावर पालक सगळ्यात कमी विचार करतात आणि नंतर सगळ्यात जास्त रडतात. डिव्हिजन १ मध्ये खेळायचं तर तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला डिग्रीचे ४० टक्के, चौथ्याच्या सुरुवातीला ६० टक्के झालेले लागतात. नुसते क्रेडिट्स नाही, *त्या* डिग्रीला लागू होणारे. नवीन कॉलेज म्हणतं सगळे क्रेडिट घेतले, आणि घेतातही, पण त्यातले निम्मे "इलेक्टिव्ह" म्हणून कोपऱ्यात जाऊन पडतात. माझ्याकडे एक मुलगा आला होता (बास्केटबॉल, तिसरं कॉलेज), ट्रान्सक्रिप्टवर नव्वदच्या आसपास क्रेडिट्स होते. मी आणि तो बसून एकेक कोर्स टिकमार्क करत गेलो, त्याच्या फायनान्सच्या डिग्रीत बसणारे पन्नाससुद्धा निघेनात. तो बराच वेळ गप्प होता, मग विचारतो, मॅम, कुठली डिग्री घेतली तर खेळता येईल? शेवटी जनरल स्टडीज. आला होता इन्व्हेस्टमेंट बँकर व्हायला.

बायोकेमिस्ट्रीत तर जास्तच सांभाळा. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पहिला भाग एका ठिकाणी आणि दुसरा दुसऱ्या ठिकाणी असं केलं की लॅब वेगळी मोजतात की लेक्चरमध्ये धरतात इथपासून भांडण सुरू होतं. वर बऱ्याच ठिकाणी शेवटचे ३० क्रेडिट आमच्याकडेच करायचे असा नियम असतो.

आणि ताई, सत्तर टक्के *कशाचे*? आत्ता तुम्ही बहुधा इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) भरताय. नवीन कॉलेज दुसऱ्या राज्यात असेल तर आउट-ऑफ-स्टेट ट्यूशनवर सत्तर टक्के सूट मिळूनही तुमच्या खिशातून आजच्यापेक्षा जास्त जाऊ शकतात. टक्के विचारू नका, वर्षाला आम्ही किती डॉलर्सचा चेक लिहायचा एवढंच विचारा.

त्या अकॅडमीच्या सरांकडून आलेल्या मेसेजबद्दल, पोर्टलमध्ये नाव नसताना दुसऱ्या कॉलेजने असं मध्यस्थामार्फत गळ टाकणं नियमाबाहेर आहे, टॅम्परिंग म्हणतात. सर्रास चालतं, मान्य. पण मुलाने त्याला लेखी उत्तर देऊ नये.

कागदीघोडा

व्हिसावाल्या भागाचं मी सांगतो. वकील नाही, पण ह्या रांगेत इतकी वर्षं काढलीत की अर्धा झालोय.

एच-४ वर मुलाला काम करून पैसे मिळवता येत नाहीत, विषय संपला. एफ-१ झाल्यावर कॅम्पसवर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास, बाहेरचं काम अधिकृत परवानगीशिवाय नाही. आता इन्स्टाग्रामवर एनर्जी ड्रिंकचा डबा हातात धरून फोटो टाकला आणि पैसे घेतले, हे काम आहे का? एनसीएए म्हणतं घ्या, राज्याचा कायदा म्हणतो घ्या, पण व्हिसा एनसीएए देत नाही. पर्ड्यूचा झॅक एडी आठवा, सात फूट चार इंच, २०२३ आणि २०२४ ला सलग दोनदा देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉल खेळाडू, पण कॅनडाचा, स्टुडंट व्हिसावर, त्यामुळे त्याच्या बाजूला बसणारे अमेरिकन पोरगे डील करत होते आणि ह्याला हात बांधून बसावं लागलं. काही परदेशी खेळाडू देशाबाहेर असताना शूट करतात, काही जर्सीच्या रॉयल्टीला "पॅसिव्ह" उत्पन्न म्हणतात, पण स्टेटस गेलं तर टेनिसही गेलं आणि ग्रीन कार्डची रांगही गेली. तेव्हा कोच "बघू" म्हणाला म्हणून काही सही करू नका, आधी इमिग्रेशन वकिलाला पैसे द्या. स्कॉलरशिपला मात्र काही अडचण नाही.

आणखी एक, टायमिंग. डिसेंबरमध्ये एच-४ चं एफ-१ आणि त्याच सुमाराला कॉलेज बदल, असे दोन घोडे एकदम पळवू नका. नवीन कॉलेजचा आय-२० (एफ-१ साठी कॉलेजने द्यायचा कागद), मग स्टेटस बदलाचा अर्ज, तो लटकलेला असताना सेमिस्टर सुरू... आमच्या मुलीच्या वेळी ते सहा महिने मी नखं खाल्ली आहेत.

ज्यांची मुलं सिटिझन आहेत त्यांच्यासाठी जाता जाता, एनआयएल म्हणजे स्वतःचा धंदा. निव्वळ कमाई ४०० डॉलर्सच्या वर गेली की रिटर्न भरायचा, १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स वेगळा, आणि फुकट मिळालेला तो पिकअप ट्रकसुद्धा उत्पन्नच. एप्रिलमध्ये पोरं बापाला फोन करतात तेव्हा ट्रक असतो, पैसे नसतात.

पोहणाऱ्याचाबाप

सगळे पोराच्या स्वातंत्र्याचं बोलताय, आमच्या पोराचं काय झालं ते ऐका.

वॉक-ऑन स्विमर. स्कॉलरशिप शून्य, पहाटे साडेपाचला पाण्यात, तीन वर्षं. जून २०२५ मध्ये ते हाऊस सेटलमेंट (खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यातली तडजोड) मंजूर झालं. मागच्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून २८० कोटी डॉलर्स, आणि १ जुलैपासून कॉलेजं स्वतः खेळाडूंना थेट पैसे देऊ शकणार, पहिल्या वर्षी एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर्सपर्यंत. छान. पण त्याच कागदात स्कॉलरशिपच्या मर्यादा काढून टीमच्या आकड्यावर मर्यादा आली, फुटबॉलला १०५, तशी प्रत्येक खेळाला. मग वरची फळी ठेवायची तर खालची कापायची. जज क्लॉडिया विल्कन ह्यांनी आग्रह धरला म्हणून ज्यांना कापलं त्यांना मर्यादेत न मोजता परत घ्यायची सोय झाली, पण घ्यायचं की नाही हे कॉलेजच्या मर्जीवर. आमच्या कॉलेजची (नाव घेत नाही) मर्जी झाली नाही. झूमवर दहा मिनिटं, थँक यू फॉर एव्हरीथिंग. पोराने लॉकर रिकामा करून गॉगल्सची जोडी तेवढी घरी आणली, अजून माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर पडलीय.

कॅल पॉलीने तर मार्च २०२५ मध्ये पोहण्याचा अख्खा प्रोग्रॅमच बंद केला. आणि तो २ कोटींचा ढीग जातो कुठे? बहुतेक मोठ्या कॉलेजांत त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलला, मग पुरुषांचं बास्केटबॉल. बाकीच्यांना उरलंसुरलं. ताई, तुमच्या पोराला पुरुषांच्या टेनिसमध्ये एनआयएलचं "बघू" म्हणणारा माणूस एकतर भोळा आहे किंवा तुम्हाला भोळं समजतोय. टेनिस, स्विमिंग, जिम्नॅस्टिक्स, पैसे कमी पडले की पहिली कुऱ्हाड ह्यांच्यावर. नवीन कॉलेजला विचारा, दोन वर्षांनी टेनिसची टीम असणार आहे का? लेखी द्या म्हणावं.

तात्या, तुमचा फुटबॉल आमच्या पोरांच्या जिवावर श्रीमंत होतोय एवढं लक्षात असू द्या.

टचडाउनतात्या

अहो पोहणाऱ्याचेबाबा, वाईट वाटलं वाचून, मनापासून. पण उलटं आहे हो ते. इतकी वर्षं तुमच्या पोरांचा पूल फुटबॉलच्या तिकिटांवर आणि टीव्हीच्या पैशांवर चालत होता. आणि ज्यांनी तो पैसा मिळवून दिला त्या पोरांना, त्यातली बरीच गरीब काळी पोरं, कमाईतला वाटा शून्य. आता त्यांना देताना ओरड होतेय. कापाकापी करायचीच तर कोचच्या आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टरच्या पगारात करा ना, तिथे कोणी हात घालत नाही. आणि पॅक-१२ (पश्चिमेकडच्या कॉलेजांची लीग) मोडून २०२४ पासून यूसीएलएच्या पोरींना व्हॉलीबॉल खेळायला कॅलिफोर्नियातून न्यू जर्सीला पाठवतात, ते विमानाचे पैसे बरे निघतात.

लेखी घेण्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के. सप्टेंबर २०२४, यूएनएलव्हीचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका, तीन मॅचेस झाल्या, तिन्ही जिंकल्या आणि हा बॅग भरून चालता झाला, म्हणे कबूल केलेले पैसे आले नाहीत. कॉलेज म्हणालं आम्ही असं कबूल केलंच नव्हतं. त्याच्या बाजूने सांगितलं गेलं ते हे की एका असिस्टंट कोचने तोंडी आश्वासन दिलं होतं. तोंडी! क्वार्टरबॅकची ही कथा, तर सहाव्या नंबरच्या टेनिसपटूच्या "बघू"ला काय किंमत. इथे मी क्रेडिटवाली ताईंना शरण.

क्रेडिटवाली

तात्या शरण आले, स्क्रीनशॉट काढून ठेवते 😄

टेनिसचं अजून एक. पुरुषांच्या डी-वन टेनिसमध्ये निम्म्याहून जास्त खेळाडू परदेशी आहेत, आणि आधी सगळ्या टीममध्ये मिळून साडेचार स्कॉलरशिप वाटायच्या असायच्या, म्हणून तुमच्या मुलाला निम्मी मिळाली हे खरं तर चांगलं होतं. आता ती मर्यादा गेली, जे कॉलेज सेटलमेंटमध्ये आलंय ते पूर्ण रोस्टरला पूर्ण स्कॉलरशिप देऊ शकतं, पण देऊ *शकतं*, बजेट असेल तर. त्यामुळे आत्ताच्या कोचशीही एकदा बसून बोला. मुलाने बोलावं, तुम्ही नाही. "पुढच्या वर्षी मी कितव्या नंबरवर दिसतो तुम्हाला?" एवढं विचारलं तरी निम्मं चित्र कळतं.

दमलेलीआई

सगळ्यांचे खूप आभार. पोहणाऱ्याचेबाबा, तुमची पोस्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली, तो काहीच बोलला नाही, उठून बाहेर लॉनला पाणी घालायला गेला.

अपडेट देते. पहिलं, क्रेडिट्स. त्या दुसऱ्या कॉलेजच्या वेबसाइटवर कोर्स टाकून बघायची सोय आहे, परवा रात्री आम्ही दोघं बसलो. त्याचे आत्तापर्यंतचे ५८ होतात, बायोकेमच्या डिग्रीत सरळ बसणारे ४१ निघाले. दोन लॅब्ज कुठेच बसेनात. त्याचा चेहरा बघवत नव्हता. दुसरं, पैसे. सत्तर टक्के सूट धरून आउट-ऑफ-स्टेटचा हिशोब केला, आम्हाला आजच्यापेक्षा वर्षाला सहा हजार डॉलर्स जास्त पडतात. नवऱ्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला आणि मोठ्या मुश्किलीने "बघ, मी म्हणत होतो" हे गिळलं.

पण तिसरं असं की काल तो स्वतः जाऊन कोचशी बोलला. कोच म्हणाला, खरं सांगू, सिंगल्सला तू मला पुढच्या वर्षी सातवा दिसतोस, डबल्सला मात्र दोन नंबरच्या जोडीत हवायस. म्हणजे सिंगल्स बंद. मला वाटलं आता नक्की जाणार. तर घरी फोन करून हसत होता, म्हणाला आई, दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी सरळ उत्तर दिलं. आता त्याचं म्हणणं की इथली डिग्री संपवतो, एक सीझन हाताशी राहिला तर तेव्हा पोर्टलमधून मास्टर्सला जाईन, तोवर एफ-१ चंही मार्गी लागलेलं असेल. नवरा खूश. मी अजून नाही, सातवा म्हणजे मॅच बाहेर उभं राहून बघायची, चांगलं खेळणाऱ्या पोराला ते किती दिवस जमेल.

त्याच्या खेळाची विंडो (पोर्टलमध्ये नाव टाकायची मुदत) अजून उघडी आहे, त्यामुळे फोन वाजला की पोटात गोळा येतोच. पण गुरुवारी ओ-केमचा पेपर आहे, तोपर्यंत घरात पोर्टल हा शब्द काढायचा नाही असं ठरलंय.